द्विमुखी पत्ता

द्विमुखी पत्ता, म्हणजेच डबल-फेस्ड कार्ड, हा ट्रेडिंग कार्ड गेम या प्रकारच्या खेळांतील असा पत्ता होय, ज्याच्या दोन्ही अंगांवर खेळाचा मजकूर छापलेला असतो. सर्वसाधारण पत्त्याला एक दर्शनी बाजू असते व पाठीवर सर्व पत्त्यांना समान असे चित्र असते. द्विमुखी पत्त्याला अशी पाठच नसते. 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळात २०११ मध्ये 'इनिस्ट्राड' या संचाद्वारे असे पत्ते प्रथम आले आणि आज त्यांचे नियम त्या खेळाच्या व्यापक नियमावलीत स्वतंत्र विभागात, ७१२ या क्रमांकाखाली, दिलेले आहेत. द्विमुखी पत्त्यांचे सर्वाधिक तपशीलवार नियम याच खेळात विकसित झाल्यामुळे प्रस्तुत लेखात मुख्यत्वे त्यांचाच विचार केला आहे.

पार्श्वभूमी

मॅजिक हा खेळ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचला आणि 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये तो बाजारात आणला. प्रत्येक खेळाडू स्वतःजवळच्या पत्त्यांतून आपला डेक जुळवतो, तो पिसतो आणि त्याच्या गड्डीतून एकेक पत्ता उचलत खेळतो. कोणता पत्ता केव्हा हाती येईल हे कोणालाही ठाऊक नसणे हा या खेळाचा पाया आहे. बावन्न पत्त्यांच्या खेळातही पाठीवर खूण असलेले पान बाद धरतात ते याच कारणाने. म्हणूनच मॅजिकच्या पत्त्यांच्या पाठीवरचे चित्र १९९३ पासून बदललेले नाही. जुना पत्ता आणि नवा पत्ता एकाच गड्डीत पालथे घातले असता ओळखू येता कामा नयेत, हा त्यामागील हेतू.

एकाच पत्त्यात दोन पत्ते सामावण्याचे प्रयत्न याआधीही झाले होते. २००० सालच्या 'इन्व्हेजन' संचात स्प्लिट पत्ते आले. त्यांच्या दर्शनी बाजूवर दोन छोटे पत्ते शेजारीशेजारी छापलेले असत व खेळाडू त्यांपैकी एकाची निवड करी. २००४ च्या 'चॅम्पियन्स ऑफ कामिगावा' मधील फ्लिप पत्त्यांवर एक मजकूर सरळ, तर दुसरा उलटा छापलेला होता. ठरावीक अट पूर्ण झाली की पत्ता अर्धवर्तुळ फिरवायचा. कल्पना चांगली असली तरी एकाच बाजूवर दोन नावे, दोन मजकूर व एक चित्र कोंबल्याने पत्ता दाटीवाटीचा दिसे, शिवाय समोर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला नेमका निष्क्रिय भाग सुलटा दिसत असे.

इनिस्ट्राड हा संच भयकथांवर आधारलेला होता. त्यात नरवृक, म्हणजे रात्री लांडगा होणारा माणूस, असणे अपरिहार्य होते आणि हे रूपांतर पत्त्यावर दाखवायचे कसे हा आराखडाकारांपुढील प्रश्न होता. याच कंपनीच्या जपानमध्ये लोकप्रिय असलेल्या 'ड्युएल मास्टर्स' या खेळात २०१० मध्ये दोन्ही बाजूंनी छापलेले पत्ते आले होते. आराखडा गटातील टॉम लापिल यांनी तोच मार्ग सुचवला. प्रमुख आराखडाकार मार्क रोझवॉटर यांना तो सुरुवातीस रुचला नव्हता, तथापि प्रत्यक्ष खेळून पाहिल्यावर त्यांचे मत बदलले. पत्ते जाहीर होताच खेळाडूंत मोठा वाद झाला. पत्त्याची पाठ हीच त्याची ओळख मानणाऱ्यांना हा खेळाच्या मुळावरचा घाव वाटला, आणि त्यांचा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही.

गुप्ततेचा प्रश्न

द्विमुखी पत्ता जसाच्या तसा गड्डीत ठेवला तर तो कुठे आहे हे दुरूनही दिसते. यावर दोन उपाय मान्य आहेत. पहिला उपाय म्हणजे संपूर्ण डेक अपारदर्शक पाठीच्या प्लास्टिक आवरणांत, म्हणजे स्लीव्हमध्ये, घालणे. असे केल्यास खरा पत्ताच वापरता येतो. मात्र रूपांतराच्या वेळी तो आवरणातून काढून उलटा करून पुन्हा घालावा लागतो. नरवृकांनी भरलेल्या डेकात हे काम दर फेरीला करावे लागत असे, त्यामुळे अनेक खेळाडू पटावर ठेवण्यासाठी त्याच पत्त्याची दुसरी प्रत पारदर्शक आवरणात घालून बाजूला ठेवतात.

दुसरा उपाय पर्यायी पत्त्याचा. इनिस्ट्राडच्या पाकिटांतून चेकलिस्ट नावाचा पत्ता मिळे. त्याची पाठ नेहमीची असून दर्शनी बाजूवर संचातील द्विमुखी पत्त्यांची यादी व प्रत्येक नावापुढे एक वर्तुळ असे. हव्या त्या नावापुढे पेनने खूण करून हा पत्ता डेकात ठेवायचा आणि तो पटावर आला की बाजूला ठेवलेला खरा पत्ता त्याच्या जागी मांडायचा. खरा पत्ता जवळ नसताना मात्र केवळ यादीच्या आधारे खेळता येत नाही. पुढे द्विमुखी पत्त्यांची संख्या वाढल्यावर यादीऐवजी नाव लिहिण्यासाठी मोकळी जागा असलेले पर्यायी पत्ते देण्यात येऊ लागले.

ड्राफ्ट पद्धतीच्या सामन्यांत आणखी एक गुंता झाला. या पद्धतीत खेळाडू पाकीट फोडून एक पत्ता ठेवतात व उरलेले शेजाऱ्याकडे देतात. कोणी काय घेतले हे गुपित असते. इनिस्ट्राडच्या प्रत्येक पाकिटात एक द्विमुखी पत्ता होता आणि हातात धरलेल्या पत्त्यांत तो समोरच्याला दिसतच असे. शेजारी कोणता रंग जमवत आहे याचा अंदाज बांधण्याचे नवे कसब त्यातून उदयास आले. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या 'मॅजिक अरीना' सारख्या आवृत्त्यांत यांपैकी एकही अडचण उद्भवत नाही.

रूपांतराचे नियम

मूळ प्रकारच्या द्विमुखी पत्त्याला रूपांतरशील पत्ता म्हणतात. त्याच्या दर्शनी बाजूच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात माना-मूल्य, म्हणजे पत्ता खेळण्यासाठी मोजावी लागणारी किंमत, छापलेली असते. मागील बाजूवर किंमत नसते, कारण ती बाजू साधारणतः हातातून थेट खेळता येत नाही. मॅजिकमध्ये पत्त्याचा रंग किमतीवरून ठरतो. किंमतच नसलेल्या मागील बाजूचा रंग कळावा म्हणून प्रकाराच्या ओळीत एक रंगीत ठिपका दिलेला असतो. इनिस्ट्राडमध्ये दर्शनी बाजूवर सूर्याचे व मागील बाजूवर चंद्राचे चिन्ह होते, आणि क्रीचरच्या, म्हणजे लढणाऱ्या जिवाच्या, दर्शनी बाजूवर उलट अंगाची ताकद बारीक करड्या अक्षरांत दिलेली असे. त्यामुळे पत्ता उचलून न पाहताही पुढचा धोका कळत असे.

सर्वांत मूलभूत नियम असा: पटाबाहेर, म्हणजे हातात, गड्डीत, स्मशान म्हटल्या जाणाऱ्या टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात किंवा निर्वासित पत्त्यांत, द्विमुखी पत्त्याचे केवळ दर्शनी बाजूचे गुणधर्म धरले जातात. मागील बाजू तेथे जणू अस्तित्वातच नसते. पत्ता पटावर येतो तोही दर्शनी बाजूनेच, अन्यथा सांगितले असेल तरच रूपांतरित अवस्थेत. रूपांतरित क्रीचर एखाद्या परिणामाने निर्वासित होऊन परतली तर ती पुन्हा दर्शनी बाजूने येते.

याचे प्रसिद्ध उदाहरण 'डेल्व्हर ऑफ सीक्रेट्स' हा निळ्या रंगाचा पत्ता. एका मानाच्या किमतीत मिळणारा हा १/१ ताकदीचा शास्त्रज्ञ खेळाडूच्या प्रत्येक फेरीच्या आरंभी गड्डीतील सर्वांत वरचा पत्ता पाहू देतो. तो पत्ता इन्स्टंट किंवा सॉर्सरी या मंत्रप्रकारांपैकी असेल आणि खेळाडूने तो उघड केला तर शास्त्रज्ञाचे 'इन्सेक्टाइल अ‍ॅबरेशन' नावाच्या ३/२ ताकदीच्या उडत्या कीटकात रूपांतर होते. इतक्या अल्प किमतीत इतका वेगवान हल्लेखोर मिळत असल्याने जुन्या पत्त्यांना मुभा असलेल्या लेगसी या स्पर्धाप्रकारात त्याच्याभोवती डेकांची एक परंपराच उभी राहिली.

रूपांतर झाल्याने पटावरील वस्तू नवी होत नाही. तिच्यावर ठेवलेले काउंटर, तिला जोडलेले इतर पत्ते, त्या फेरीत झालेली इजा व तिच्यावर लागू असलेले परिणाम जसेच्या तसे राहतात. नुकत्याच आलेल्या क्रीचरला त्या फेरीत हल्ला करता येत नाही, तो निर्बंधही रूपांतराने उठत नाही आणि नव्याने लागतही नाही. हा नियम साधा दिसतो, पण त्याच्यामुळेच आराखडाकारांना कधीकधी वेगळी वाट धरावी लागली. इनिस्ट्राडमधील 'गॅरुक रिलेंटलेस' हा प्लेन्सवॉकर, म्हणजे निष्ठेचे काउंटर खर्चून सामर्थ्य वापरणारे पात्र, दोन किंवा त्याहून कमी काउंटर उरले की उलटतो आणि उरलेले काउंटर घेऊनच शापित रूपात पुढे चालतो. याउलट २०१५ च्या 'मॅजिक ओरिजिन्स' मधील गिडियन, जेस, लिलियाना, चंद्रा व निस्सा ही पाच पात्रे दर्शनी बाजूला साधी क्रीचर आहेत. प्लेन्सवॉकरला निष्ठेचे काउंटर पटावर येताना मिळतात. क्रीचर जागच्या जागी उलटली असती तर तिला एकही काउंटर मिळाला नसता आणि ती तत्क्षणी नष्ट झाली असती. म्हणून हे पत्ते स्वतःला निर्वासित करून रूपांतरित अवस्थेत परत येतात व नियमांच्या दृष्टीने सर्वस्वी नवी वस्तू ठरतात.

रूपांतर केवळ खऱ्याखुऱ्या द्विमुखी पत्त्याचे वा द्विमुखी टोकनचे होऊ शकते. एखाद्या साध्या पत्त्याने डेल्व्हरची नक्कल केली तर त्याला डेल्व्हरचे सामर्थ्य मिळते, पण उलटण्यासाठी दुसरी बाजू नसल्याने काहीच घडत नाही. ओरिजिन्समधील पात्राची नक्कल करणाऱ्या साध्या पत्त्याची गत याहून वाईट: तो निर्वासित होतो आणि रूपांतरित होऊन परतणे शक्य नसल्याने तेथेच अडकतो. उलटपक्षी, द्विमुखी पत्ता दुसऱ्या कोणाची नक्कल करत असताना उलटवला तर तो प्रत्यक्षात उलटतो, मात्र नक्कल चालू असेपर्यंत त्याचे दृश्य गुणधर्म बदलत नाहीत. नक्कल संपताच तो मागील बाजूने उभा असल्याचे दिसते. उताण्या द्विमुखी पत्त्याला पटावर पालथे घालता येत नाही. एखाद्या परिणामाने पत्त्याचे नाव सांगावयाचे असल्यास खेळाडू कोणत्याही एका बाजूचे नाव घेऊ शकतो, दोन्ही नव्हे.

एकच सामर्थ्य दोनदा वापरून पत्ता उलटसुलट होऊ नये याचीही तजवीज आहे. पत्त्याचे स्वतःचे सामर्थ्य त्याला उलटवणार असेल, तर ते सामर्थ्य स्टॅकवर म्हणजे प्रलंबित परिणामांच्या रांगेत गेल्यानंतर पत्ता आधीच एकदा उलटलेला असता कामा नये. घाईत दोनदा चालवलेले सामर्थ्य त्यामुळे वाया जाते, पण रूप टिकते.

किमतीसंबंधीच्या नियमात २०१६ मध्ये महत्त्वाचा बदल झाला. तोवर मागील बाजूवर किंमत नसल्याने रूपांतरित पत्त्याचे माना-मूल्य शून्य धरले जाई. 'रॅचेट बॉम्ब' सारखा पत्ता काउंटर न जमवताच फोडला की शून्य मूल्याच्या सर्व वस्तू नष्ट होत, आणि मोठ्या कष्टाने उलटवलेले नरवृक त्याच्या एका स्फोटात जात. माणूस असताना सुरक्षित आणि राक्षस झाल्यावर दुबळा, अशी ही विसंगती होती. 'शॅडोज ओव्हर इनिस्ट्राड' संचापासून रूपांतरित पत्त्याचे मूल्य त्याच्या दर्शनी बाजूइतकेच धरले जाऊ लागले. मागील बाजूची नक्कल करणाऱ्या पत्त्याचे मूल्य मात्र अजूनही शून्यच असते.

दिवस आणि रात्र

मूळ नरवृकांचा नियम प्रत्येक पत्त्यावर स्वतंत्र छापलेला होता: मागील फेरीत एकही मंत्र खेळला गेला नसेल तर माणसाचा लांडगा व्हायचा आणि एखाद्या खेळाडूने मागील फेरीत दोन किंवा अधिक मंत्र खेळले तर लांडग्याचा माणूस. शांततेत रात्र पडते, गजबजाटात उजाडते, ही कल्पना त्यामागे होती. अडचण अशी की निरनिराळ्या वेळी पटावर आलेल्या नरवृकांपैकी काही माणसे व काही लांडगे असत. २०२१ च्या 'मिडनाइट हंट' मध्ये दिवस वा रात्र ही संपूर्ण डावाचीच अवस्था ठरवण्यात आली. डावाच्या आरंभी दोन्ही नसतात; संबंधित पत्ता प्रथम पटावर आला की दिवस सुरू होतो. दिवसा ज्याची फेरी असेल त्याने तीत एकही मंत्र न खेळल्यास पुढच्या फेरीस रात्र होते आणि रात्री त्याने दोन मंत्र खेळल्यास पुन्हा दिवस. सर्व संबंधित पत्ते एकदमच उलटतात. मात्र एकदा सुरू झालेले हे चक्र शेवटचा नरवृक मेल्यावरही डाव संपेपर्यंत मोजत राहावे लागते, ही खेळाडूंची तक्रार रास्तच आहे. जुन्या व नव्या नरवृकांचे नियम वेगळे असल्याने ते एकत्र खेळवणाऱ्यांना दोन्ही हिशेब ठेवावे लागतात.

जोडपत्ते

२०१६ च्या 'एल्ड्रिच मून' मध्ये मेल्ड नावाचा चमत्कारिक प्रकार आला. दोन वेगवेगळ्या पत्त्यांच्या मागील बाजूंवर एकाच मोठ्या पत्त्याचे अर्धे अर्धे भाग छापलेले असतात आणि दोन्ही पत्ते उलटे करून एकमेकांना लावले की दुप्पट आकाराचा पत्ता तयार होतो. त्या संचात अशा तीन जोड्या होत्या. ब्रुना आणि गिझेला या दोन देवदूत भगिनींच्या मीलनातून 'ब्रिसेला, व्हॉइस ऑफ नाइटमेअर्स' ही ९/१० ताकदीची भयकारी आकृती उभी राहते. तिचे माना-मूल्य दोघींच्या मूल्यांची बेरीज, म्हणजे ७ अधिक ४, एकूण ११ धरले जाते. दोन्ही पत्ते त्याच खेळाडूच्या मालकीचे व ताब्यात असावे लागतात. प्रतिस्पर्ध्याची ब्रुना पळवून तिची जोडी लावता येत नाही. जोडपत्ता पटावरून गेला की दोन्ही पत्ते सुटे होऊन जातात. २०२२ च्या 'द ब्रदर्स वॉर' मध्ये हा प्रकार पुन्हा वापरण्यात आला.

मोडल पत्ते

२०२० च्या 'झेंडिकार रायझिंग' संचाने द्विमुखी पत्त्याचा अर्थच बदलला. मोडल द्विमुखी पत्त्याच्या दोन्ही बाजू हातातून खेळता येतात व कोणती बाजू खेळायची हे खेळाडू त्या क्षणी ठरवतो. त्या संचातील पत्ते पटावर आले की त्याच बाजूने राहतात, उलटत नाहीत. बाजू ओळखण्यासाठी वरच्या डाव्या कोपऱ्यात दर्शनी अंगावर एक व मागील अंगावर दोन त्रिकोण असतात आणि खाली दुसऱ्या बाजूचा संक्षेप दिलेला असतो.

या संचातील अनेक पत्त्यांच्या पुढे मंत्र आणि मागे लँड होती. लँड म्हणजे माना पुरवणारी भूमी; ती फेरीत एकदाच मांडता येते. मॅजिकमधील सर्वांत जुनी खंत म्हणजे हाती नुसत्या लँड येणे किंवा एकही न येणे. 'मालाकिर रीबर्थ' सारखा पत्ता सुरुवातीस लँड म्हणून आणि उत्तरार्धात मंत्र म्हणून वापरता येत असल्याने ही खंत बरीच कमी झाली. तथापि वर सांगितलेला मूलभूत नियम येथेही लागू आहे. गड्डीत असताना अशा पत्त्याची फक्त दर्शनी बाजू मोजली जाते, म्हणून तो तेथे लँड ठरत नाही आणि लँड शोधून आणणाऱ्या परिणामांनी तो सापडत नाही.

नियमाच्या या कोपऱ्याचा फायदा घेणारे लवकरच पुढे आले. 'गॉब्लिन चारबेल्चर' हा पत्ता लँड सापडेपर्यंत गड्डीतील पत्ते उलगडतो व उलगडलेल्या पत्त्यांइतकी इजा करतो. डेकात नियमांच्या दृष्टीने एकही लँड नसेल तर संपूर्ण गड्डी उलगडते आणि प्रतिस्पर्धी एका फटक्यात हरतो. पूर्वी अशा डेकात माना आणायची कोठून हा पेच असे. आता पटावर लँड असणारे पण गड्डीत लँड नसलेले पत्ते उपलब्ध झाले होते.

याहून मोठा गोंधळ २०२१ च्या 'काल्डहाइम' संचाने घातला. त्यातील 'व्हाल्की, गॉड ऑफ लाइज' या दोन माना किमतीच्या पत्त्याच्या मागे 'टिबाल्ट, कॉस्मिक इम्पोस्टर' हा सात मानांचा प्लेन्सवॉकर होता. कॅस्केड नावाचे जुने सामर्थ्य गड्डीतून स्वतःपेक्षा कमी मूल्याचा पत्ता शोधते व तो फुकट खेळू देते. तीन मानांच्या 'व्हायोलंट आउटबर्स्ट' मधून कॅस्केड चालवले की गड्डीत व्हाल्की सापडे, कारण तेथे त्याचे मूल्य दोनच. मात्र खेळण्याची परवानगी मिळताच खेळाडू मागील बाजू निवडी आणि सात मानांचा टिबाल्ट तिसऱ्या फेरीतच, कधी त्याही आधी, पटावर उभा राही. नियमांचे शब्द तंतोतंत पाळूनच हे घडत होते. अखेर फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅस्केडचा नियम बदलण्यात आला: सापडलेल्या पत्त्याचेच नव्हे, तर प्रत्यक्ष खेळल्या जाणाऱ्या मंत्राचे मूल्यही कमी असले पाहिजे. एखादा पत्ता बंदीच्या यादीत टाकणे ही नेहमीची रीत असताना मूळ नियमच दुरुस्त करण्याचा मार्ग येथे निवडण्यात आला.

पुढील विस्तार

मागील बाजूचा उपयोग नंतरच्या संचांत बराच फोफावला. २०१७ च्या 'इक्सलान' मध्ये शोधमोहिमांच्या पत्त्यांचे लँडमध्ये रूपांतर होई. मिडनाइट हंटमधील डिस्टर्ब या सामर्थ्याने मृत माणसे स्मशानातून थेट मागील बाजूने, भूत होऊन, खेळता येऊ लागली. २०२३ च्या 'मार्च ऑफ द मशीन' मध्ये बॅटल हा नवाच पत्तेप्रकार आला. खेळाडू स्वतः मांडलेल्या या पत्त्याचे रक्षण प्रतिस्पर्ध्याकडे सोपवून त्यावर स्वतःच हल्ला चढवतो आणि त्याचे सर्व संरक्षण काउंटर संपले की मागील बाजू फुकट खेळतो.

अन्य खेळांत

ड्युएल मास्टर्समधील द्विमुखी पत्ते मुख्य गड्डीत ठेवलेच जात नाहीत; त्यांच्यासाठी वेगळी जागा असल्याने पाठीचा प्रश्न तेथे उद्भवला नाही. 'ड्रॅगन बॉल सुपर कार्ड गेम' मध्ये २०१७ पासून नायकाचा पत्ता द्विमुखी असून तो डावाच्या आरंभापासून उघडाच असतो व अट पूर्ण होताच जागृत बाजूवर उलटतो. विझर्ड्स ऑफ द कोस्टच्याच 'ट्रान्सफॉर्मर्स' या खेळात पात्रांचे मोठ्या आकाराचे पत्ते एका बाजूला यंत्रमानव व दुसऱ्या बाजूला वाहन असे होते. तो खेळ २०१८ ते २०२० या काळात चालला. २०२२ मध्ये हीच पात्रे मॅजिकच्या द्विमुखी पत्त्यांवर अवतरली.